आधी पोट बघा, मग नक्षी : जुन्या अमेरिकन दुनळ्यांविषयी

जुनी दुनळी घरात सापडली की लोक फोटो पाठवतात तो हमखास बाजूचा. फ्रेमवरचं (मधल्या लोखंडी सांगाड्यावरचं) नक्षीकाम, उडणारी बदकं, पॉइंटर कुत्रा, आणि खाली प्रश्न, ‘ही पार्कर (जुन्या नामांकित अमेरिकन कंपनीची) आहे का, किती किंमत येईल?’ मी दरवेळी एकच सांगतो, आधी ती रिकामी आहे ना ते बघ, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे, मग फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढ, नळ्या फ्रेमपासून वेगळ्या कर, उलट्या धर आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाच्या, खालच्या सपाट भागाचा फोटो पाठव. बंदुकीची कुंडली तिथे असते. नक्षी नंतर कुणीही काढू शकतो, रिबवरचं (दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीवरचं) नावसुद्धा नंतर कोरलेलं मी पाहिलंय, पण पोटाखालचे शिक्के, नंबर, अक्षरं यांच्याशी खेळ केला तर तो सहसा कळतो.

ही ओळख पटवण्याची घाई मी का करतो तर पुढे काय दुरुस्त करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही हे सगळं त्यावर ठरतं. साध्या ग्रेडच्या, आधीच कुणीतरी पॉलिश करून टाकलेल्या बंदुकीला तुम्ही नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) केलं तर तिचं भलंच होतं. तेच एखाद्या वरच्या ग्रेडच्या पार्करवर, जिच्या फ्रेमवर मूळ केस हार्डनिंगचे, म्हणजे लोखंडाचा वरचा थर तापवून कठीण करताना आलेले, निळे-तपकिरी रंग अजून शिल्लक आहेत, तिथे तुम्ही प्रेमाने एमरी कागद फिरवलात तर काही मिनिटांत हजारो डॉलर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम पुसून टाकलंत. ते परत येत नाही. नवीन रंग आणता येतो, तो येत नाही.

मी न्यूयॉर्क राज्यात राहतो आणि हा नाद इथे लागणं साहजिक आहे, कारण अमेरिकन दुनळीचा अर्धा इतिहास याच राज्याच्या नकाशावर आहे. सिरॅक्युजला लिफीव्हर आणि सुरुवातीची एल. सी. स्मिथ, तिथून थोडं वर फुल्टन गावात एल. सी. स्मिथ पुढे बनवणारी हंटर आर्म्स, खाली इथाका गावात इथाका, बटेव्हियाला बेकर, युटिकाला सॅव्हेजने हलवलेली फॉक्स, आणि रेमिंग्टनचं इलियन, जिथे पार्करने शेवटचे दिवस काढले. पार्कर मुळात कनेटिकटमधल्या मेरिडन गावची. १९३४ मध्ये रेमिंग्टनने ती विकत घेतली, नंतर काम इलियनला नेलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडलं. फॉक्स फिलाडेल्फियाची, १९२९ च्या शेवटी सॅव्हेजकडे गेली. म्हणजे एका फॉक्सच्या नळीवर फिलाडेल्फिया आणि दुसरीवर युटिका लिहिलेलं असेल तर दोन्ही खऱ्या, फक्त काळ वेगळा.

नावांचा गोंधळ मात्र भयंकर आहे. सगळ्यात जास्त वेळा फसतात ते ‘फॉक्स मॉडेल बी’ बघून. ती सॅव्हेजने फॉक्सचं नाव वापरून काढलेली, स्टीव्हन्स कंपनीच्या घराण्यातली साधी, मजबूत, कामाची बंदूक आहे, पण अ‍ॅन्सली फॉक्सच्या डिझाइनशी तिचा संबंध नाही. खऱ्या फॉक्सच्या आत बघा, प्रत्येक लॉकमध्ये (बार उडवणाऱ्या यंत्रणेत) हालणारे भाग फक्त तीन, हॅमर (फायरिंग पिन त्यातच घडवलेली), सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) आणि कॉइल मेनस्प्रिंग, इतकं कमी भागांत इतकं नेटकं काम तेव्हा इतर कुणी केलं नव्हतं असं माझं ठाम मत आहे. तसंच ‘लिफीव्हर नायट्रो स्पेशल’. डॅन लिफीव्हरच्या डोक्यातून निघालेली बंदूक वेगळी, तिच्यात नळ्यांच्या बिजागरीला बॉल जॉइंट असतो आणि झीज झाली की तो घट्ट करता येतो. १९१६ मध्ये इथाकाने लिफीव्हर घेतली आणि १९२० च्या दशकात त्या नावाने स्वस्तातली नायट्रो स्पेशल काढली. हंटर आर्म्सनेही ‘फुल्टन’ नावाची स्वस्त बॉक्सलॉक (लॉक फ्रेमच्या आत असलेली बंदूक) काढली, तिच्यावर हंटर आर्म्स आणि फुल्टन असं स्वच्छ लिहिलेलं असतं म्हणून ती एल. सी. स्मिथ म्हणून विकायला ठेवलेली दिसते. ती नाही.

आणि मग हार्डवेअरच्या दुकानांच्या नावाच्या बंदुका. कनेटिकटच्या नॉर्विचमधली क्रेसेंट फायर आर्म्स कंपनी होती, ती न्यूयॉर्कच्या एच. अँड डी. फॉल्समसाठी बंदुका बनवायची आणि दुकानदार सांगेल ते नाव त्यावर टाकायची, अशी नावं शेकड्याने आहेत. त्याच काळात बेल्जियमहूनही ढीगभर माल यायचा, ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ वगैरे नावं टाकून, म्हणजे वाचणाऱ्याला नामांकित इंग्लिश कंपनी वेस्टली रिचर्ड्स वाटावं. इथे परत पोट बघायचं. नळ्यांच्या खाली लंबगोलात ईएलजी ही अक्षरं आणि तारा दिसला की ती बेल्जियमच्या लिएज शहरातल्या सरकारी प्रूफ हाउसमधून (नळ्यांची दाबाची चाचणी करून शिक्का मारणाऱ्या संस्थेतून) आलेली, विषय संपला. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस कधी नव्हतंच, कंपन्या आपापल्या चाचण्या करायच्या, त्यामुळे युरोपियन प्रूफचे शिक्के नसणं हीसुद्धा एक खूण आहे.

पार्कर वाचायला सगळ्यात मजा येते. फ्रेमच्या आत, जिथे नळ्या टेकतात त्या सपाट भागाला वॉटर टेबल म्हणतात, तिथे सिरियल नंबर आणि ग्रेडचा आकडा असतो. शून्य म्हणजे व्हीएच, दोन म्हणजे जीएच, तीन डीएच, चार सीएच असं चढत जातं. एच म्हणजे हॅमरलेस, त्यापुढे ई असेल तर इजेक्टर, म्हणजे उडालेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा. रिबवर नळीच्या पोलादाचं नाव असतं आणि ते ग्रेडशी जुळायला हवं, व्हल्कन स्टील व्हीएचवर, टायटॅनिक स्टील डीएचवर, अ‍ॅक्मी सीएचवर. आता समजा वॉटर टेबलवर शून्य आहे, रिबवर व्हल्कन आहे आणि बाजूला मात्र डीएचसारखी दाट नक्षी, तर नक्षी नंतर काढलेली, मग विकणारा काहीही सांगो. नळ्यांखालच्या मागच्या लगवर (फ्रेममध्ये अडकणाऱ्या लोखंडी उंचवट्यावर) अजून एक छोटा आकडा असतो, तो फ्रेमचा साइज. बारा गेजमध्ये (गेज म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) १, १½, २ नेहमी दिसतात, लहान फ्रेमवरची हलकी बंदूक लोकांना जास्त हवी असते. हा आकडा गेज किंवा ग्रेड समजून घेणारे खूप असतात. नळ्या, फ्रेम आणि फोरएंडचं लोखंड, तिन्हीवर एकच सिरियल नंबर हवा. पार्करच्या जुन्या ऑर्डर बुकांच्या नोंदी बऱ्याच शिल्लक आहेत आणि त्यावरून पार्कर कलेक्टर्सची संघटना तुमच्या बंदुकीचं पत्र देते. एल. सी. स्मिथसाठी असंच पत्र वायोमिंगमधल्या कोडी इथल्या म्युझियममधून मिळतं. पैसे लागतात पण मला तरी तो खर्च पहिल्याच यादीत वाटतो.

पत्राला, म्हणजे कागदाला किती वजन असतं त्याचं टोकाचं उदाहरण थिओडोर रूझवेल्टची फॉक्स. १९०९ च्या आफ्रिका सफारीला त्याने नेलेली ती एफ ग्रेड बंदूक २०१० मध्ये लिलावात ८,६२,५०० डॉलरला गेली. बंदूक सुंदर आहेच, पण तेवढे पैसे ती कुणाच्या हातात होती याच्या पुराव्याला मिळालेत.

डमास्कस नळ्यांबद्दल थोडं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या त्या नळ्या, अमेरिकन कंपन्यांनी बहुतेक बेल्जियमहूनच आणवलेल्या. त्यावर तो पाण्याच्या लाटांसारखा पॅटर्न दिसतो. स्वस्त बंदुकांवर तो पॅटर्न नुसता वरून छापलेलाही असतो, नळीच्या खालच्या, फोरएंडने झाकलेल्या भागात नीट बघितलं की कळतं. या नळ्यांमध्ये बिनधुराची आधुनिक काडतुसं सरसकट घालू नका. काही चांगल्या स्थितीतल्या डमास्कस नळ्या हलक्या लोडने आजही चालवतात, पण ते सगळं मोजमाप, तपासणी आणि जाणकाराच्या सल्ल्यानंतर, नुसत्या डोळ्यांनी बघून कुणी ‘चालेल’ म्हणत असेल तर तिथून निघा.

तपासणी म्हणाल तर माझा क्रम असा. बंद केल्यावर टॉप लिव्हर (बंदूक उघडायचा वरचा खटका) कुठे थांबतो, एल. सी. स्मिथ आणि फॉक्सवर नवा लिव्हर मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो, झीज होते तसा मध्यावर येतो आणि मग डावीकडे जातो. मग फोरएंड काढून नळ्या फ्रेमवर बंद करायच्या आणि हलवायच्या, फोरएंडचा ताण झीज लपवतो म्हणून तो काढायचा. मग नळ्या लगमधून बोटावर लटकवून लाकडी दांड्याने हलकेच टकटक, घंटेसारखा लांब नाद आला तर रिब पक्क्या, खरखर आली तर कुठेतरी सोल्डर सुटलंय. मग तोंडाकडून बघायचं, दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटलेल्या हव्यात, मधे फट असेल आणि ती सोल्डरने भरलेली असेल तर कुणीतरी नळ्या कापल्यात आणि चोक, म्हणजे छरे एकवटणारा टोकाचा निमुळतेपणा, गेला. कापण्यावरून आठवलं, टोकाला चीर गेलीय म्हणून थोडं कापू का असं कुणी विचारलं तर १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आधी वाचायला सांगतो, शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली की गंभीर फेडरल गुन्हा होऊ शकतो. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक फेडरल कायद्यात अँटीक धरली जाते, पण राज्यांचे नियम वेगळे असतात, तेही बघावे लागतात.

सगळ्यात महत्त्वाची मोजमापं दोन, नळीच्या भिंतीची जाडी आणि चेंबरची लांबी. भिंत खास गेजने पूर्ण लांबीभर मोजायची. ०.०२० इंच ही अगदी खालची मर्यादा म्हणतात, माझ्या मनाला ०.०२५ च्या खाली बरं वाटत नाही, आणि पातळ जागा कुठे आहे तेही बघायचं, तोंडाजवळ पातळ आणि तुमचा डावा हात जिथे असतो तिथे पातळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चेंबरचं म्हणाल तर जुन्या सोळा गेजचे चेंबर बऱ्याचदा २ ९/१६ इंचांचे, आणि आजचं काडतूस २¾. ते आत बसतं, बंदूकही बंद होते, म्हणून लोकांना वाटतं चालतंय, पण उडाल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. इथाकाच्या फ्लूज मॉडेलची (१९०८ ते १९२६) फ्रेम आधीच नाजूक, त्यात असा मारा झाला की वॉटर टेबल आणि उभी भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्यात तडा जातो, फ्लूज घेताना भिंग घेऊन तो कोपरा बघायचाच. १९२६ नंतरचं न्यू इथाका डबल त्यापेक्षा कितीतरी दणकट आहे.

आता माझी सध्याची बंदूक. एल. सी. स्मिथ, फील्ड ग्रेड, बारा गेज, तीस इंची नळ्या, १९२० च्या दशकातली. मोठ्या अमेरिकन नावांमध्ये खरी साइडलॉक, म्हणजे लॉक बाजूच्या पट्टीवर (लॉकप्लेटवर) बसवलेली, हीच. या बंदुकीच्या नावातला लायमन स्मिथ पुढे टाइपरायटरच्या धंद्यात गेला आणि जो अलेक्झांडर ब्राउन तिच्या रोटरी बोल्टच्या (नळ्या बंद धरणाऱ्या फिरत्या खिट्टीच्या) मागे होता त्यानेच स्मिथ प्रीमियर टाइपरायटरही डिझाइन केला. १८९० च्या सुमारास हंटर बंधूंनी कारखाना फुल्टनला नेला, १९४५ मध्ये मार्लिनने घेतला, १९४९ मध्ये कारखान्याचा मजला कोसळला आणि त्यानंतर काम फार चाललं नाही.

या बंदुकीचं जुनं दुखणं म्हणजे लॉकप्लेटच्या मागे लाकडाला जाणारा तडा. साइडलॉक बसवायला दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढलेलं, त्यामुळे दस्त्याच्या तोंडाशी फ्रेम टेकायला लाकूड उरतं थोडंसंच. वर्षानुवर्षं तेल झिरपून ते लाकूड मऊ झालेलं, टँगचा (फ्रेमच्या मागे दस्त्यात जाणाऱ्या पट्टीचा) स्क्रू सैल झालेला, मग प्रत्येक बार उडाला की फ्रेम थोडी मागे सरकते आणि लॉकप्लेटचं मागचं टोक पाचरीसारखं लाकडात घुसतं. माझ्या बंदुकीला दोन्ही बाजूंना तडे होते, डावीकडचा लांब, आणि आधीच्या कुणीतरी त्यावर वरून वॉर्निश मारून तो झाकलेला.

इथे घाई चालत नाही. तेलात भिजलेल्या लाकडाला इपॉक्सी धरतच नाही, म्हणून आधी व्हायटिंग, म्हणजे खडूची बारीक पूड, अ‍ॅसिटोनमध्ये कालवून दस्त्याच्या आतल्या तोंडाला लेप द्यायचा, उघड्या हवेत, आसपास आग नको. लेप वाळताना तेल वर खेचतो आणि पिवळा-तपकिरी होतो. झटकायचा, परत लावायचा. पूड पांढरी निघेपर्यंत हे करत राहायचं, मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट तेल त्या एवढ्याशा लाकडात होतं. मग तडा हलकेच उघडून धरायचा आणि पातळ इपॉक्सी आत ओढली जाईल अशी सोडायची, हेअर ड्रायरने लाकूड जरा कोमट केलं की ती आत पळते. रबरी नळी गुंडाळून आवळून ठेवायचं. सुकल्यावर खरं काम, दस्त्याचं तोंड फ्रेमच्या मागच्या भिंतीला पूर्ण टेकेल असं बेडिंग करायचं, धातूला रिलीज एजंट नीट लावून, नाहीतर बंदूक कायमची चिकटेल. आणि शेवटी लॉकप्लेटच्या व टँगच्या मागच्या टोकापाशी केसाएवढी फट सोडायची, म्हणजे धक्का फ्रेमच्या रुंद भिंतीतून लाकडात जाईल, प्लेटच्या टोकातून नाही. ही फट सोडली नाही तर तडा परत जाणार, कितीही भारी इपॉक्सी वापरा.

बाहेरून मी दस्ता सँडपेपरने घासला नाही. लाकूड धातूपेक्षा किंचित वर असतं, कारखान्याने तसंच ठेवलेलं असतं, घासलं की ते धातूच्या खाली जातं आणि कडा गोल होतात, लांबूनही कळतं. दबून खळगे पडले होते तिथे ओलं फडकं आणि गरम इस्त्रीने वाफ दिली, दबलेले तंतू फुगून वर आले, तुटलेले येत नाहीत ते तसेच राहिले. स्क्रूंसाठीही हाच नियम, त्यांच्या खाचा इतक्या बारीक की साधा स्क्रूड्रायव्हर लावला की कडा चुरगळतात, म्हणून पोकळ घासलेली, खाचेत घट्ट बसणारी बिट्सच वापरायची आणि स्क्रू हलत नसेल तर तेल सोडून थांबायचं. चांगल्या बंदुकीत घट्ट केल्यावर सगळ्या खाचा एका रेषेत येतात, म्हणून कुठला स्क्रू कुठला हे काढतानाच कागदावर मांडून ठेवायचं.

नळ्यांना निळाई आणायची होती, मूळची कुणीतरी आधीच घालवली होती म्हणून. इथे एक गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते, सोल्डरने जोडलेल्या दुनळीला हॉट ब्लूइंग कधीही करू नका, करणारा कितीही म्हणो. ते कॉस्टिक क्षार सोल्डर खातात, रिबखाली अडकून बसतात आणि आतून गंज सुरू होतो, नळ्या अक्षरशः सुटतात. दुनळीला फक्त रस्ट ब्लूइंग. बारीक कागदाने एकाच दिशेने पॉलिश, लाकडी बूच मारून बोअर (नळीची आतली पोकळी) बंद, तेलाचा अंशही राहणार नाही असं साफ, मग द्रावणाचा अगदी पातळ हात आणि दमट पेटीत टांगून ठेवायचं. काही तासांत मखमलीसारखा लाल गंज येतो. मग डिस्टिल्ड पाण्यात उकळायचं, आणि इथे तो क्षण येतो ज्यासाठी मी हे काम करतो, लाल थर डोळ्यांदेखत काळा पडतो, लाल आयर्न ऑक्साइडचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. वरचा मोकळा काळा थर तेलविरहित बारीक स्टील वूलने काढला की खाली करडी छटा, परत द्रावण, परत गंज, परत उकळी, सहा-सात फेऱ्यांत ती करडी छटा खोल निळसर काळी होते. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून आम्ल मारायचं आणि तेल. आणि हे सगळं रिब पक्क्या आहेत हे तपासल्यावरच, सुटलेल्या रिबखाली पाणी गेलं तर फुकट.

फ्रेमला मी हात लावला नाही. केस हार्डनिंगचे रंग जाऊन ती राखाडी झालीय. हाडं आणि कोळशाच्या पुडीत तापवून ते रंग परत आणणारे चांगले कारागीर आहेत, पण तापवून पाण्यात टाकताना फ्रेम वाकू शकते, आणि टॉर्चने वरवर रंग आणणारे तर फ्रेमचं कठीणपण घालवून बसतात. राखाडी फ्रेम प्रामाणिक दिसते.

पहिले बार बंदूक टायरला बांधून, दोरीने, लांबून. बेडिंग धरलं, तडा जसाच्या तसा. आता मी तिच्यात ⅞ औंसाची कमी दाबाची काडतुसं वापरतो. बारा गेजच्या आधुनिक २¾ इंची काडतुसासाठी सामीची (काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची) कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय आहे, जुन्या बंदुकीला त्याच्या बऱ्याच खाली ठेवणं बरं, आणि खांद्याला धक्का कमी बसला म्हणजे दाब कमी असं समजू नका, धक्का छऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, दाब दारूच्या जळण्यावर. हलका धक्का देणारं काडतूसही दाबाला चढं असू शकतं, म्हणून कंपनीने छापलेला दाबाचा आकडा बघूनच घ्यायचं.

दोन्ही नळ्या भरपूर चोक केलेल्या आहेत, त्यामुळे जवळच्या क्ले टार्गेटला (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकडीला) छरे फार एकवटून जातात. चोक थोडा उघडून घे असं रेंजवर सगळेच सांगतात, गनस्मिथ ते काम झटक्यात करून देईल हेही खरं. मी उघडणार नाही, काढलेलं पोलाद परत लावता येत नाही आणि छरे पसरवणारी स्प्रेडर काडतुसं मिळतात, जवळच्या टार्गेटसाठी मी तीच घालतो.